आंबवड्याच्या तीन समाध्या

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळ मागे पडले की किकवी येते. पुढे सारोळा, मग नीरेचा पूल, आणि पलीकडे शिरवळ. इथे थांबणारा माणूस चहा घेतो, टायरची हवा बघतो आणि निघतो. पश्चिमेकडे डोंगरांची रांग दिसत असते, तिच्याकडे बघायला सवड कोणाला? आणि तरी हा सगळा पट्टा शिवकाळाच्या ऐन अंगणातला आहे. कापूरहोळ म्हणजे संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे हिचे गाव. शिरवळला सुभानमंगळ नावाचा भुईकोट होता. शिवाजी महाराजांवर विजापूरची पहिली फौज १६४८ साली चालून आली, तेव्हा कावजी मल्हार या सरदाराने तो लढून परत घेतला. आणि किकवीच्या पश्चिमेला भोर, रोहिडा, रायरेश्वर. या मुलखाला तेव्हा रोहिडखोरे आणि हिरडस मावळ म्हणत.

या लेखाचा विषय तिकडे आहे. भोरहून रायरेश्वराच्या वाटेला लागले की आंबवडे लागते. ओढ्याकाठचे गाव, जुने नागेश्वराचे देऊळ, देवळाजवळ गोमुखांतून पाणी पडते ते कुंड, दाट झाडी. या गावात तीन समाध्या आहेत. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांची, प्रतापगडावरच्या जिवा महालाची, आणि स्वराज्याचे सचिव शंकराजी नारायण यांची. एक देशमुख, एक अंगरक्षक, एक कारकुनीतून वर आलेला मुत्सद्दी. तिघे एका गोताचे नाहीत, एका पेशाचे नाहीत, आणि तिसरा तर पहिल्या दोघांच्या पुढच्या पिढीतला. तरीही एका गावाने तिघांना जागा दिली आहे.

खडकीच्या युद्धस्मशानात गेले तर दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी रांगेत उभ्या दिसतात. प्रत्येक दगडावर पलटणीचे चिन्ह, नाव, हुद्दा, तारीख, बहुधा वयसुद्धा. तिथे मेलेल्याची ओळख दगड सांगतो. मराठ्यांच्या समाधीचे तसे नाही. खाली देह नसतोच. देह पाण्याकाठी जाळायचा, राख नदीत सोडायची, आणि त्या जागेवर किंवा तिच्या जवळ घडीव दगडांचा चौथरा बांधायचा. त्यावर शिवलिंग, नाहीतर पादुका, नाहीतर तुळशीवृंदावन. दिवा लावायला एखादा कोनाडा. थोर माणूस असेल तर वर छत्री किंवा लहानसे देऊळ. बांधणाऱ्याला नाव कोरायची गरज वाटत नसे, कारण दिवा लावणाऱ्याला ते ठाऊक असायचे. त्यामुळे जुन्या समाधीचे नाव टिकते ते गावाच्या तोंडी. दिवा बंद झाला की दोन-तीन पिढ्यांत चौथरा बिननावाचा होतो, आणि त्यावर गुरे बसतात. आंबवड्याचे भाग्य असे की इथे दिवाही टिकला, आणि शेजारच्या कारी गावात कागदही टिकले.

ते कागद आधी. कारी म्हणजे जेधे देशमुखांचे गाव. या घराण्याकडे दोन अस्सल ऐवज होते. एक ‘जेधे करीना’, म्हणजे घराण्याची हकिकत. आणि दुसरी ‘जेधे शकावली’, म्हणजे शकवार नोंदलेल्या घटनांची यादी. शकावली घराण्यातील दयाजीराव सर्जेराव जेधे यांनी लोकमान्य टिळकांकडे दिली आणि टिळकांनी ती १९१६ साली छापून काढली. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिच्यातूनच पुढे आली, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही आज सरकारमान्य असलेली तारीख तिच्यावरच उभी आहे. एका डोंगरी देशमुखाच्या दप्तराने महाराष्ट्राचे पंचांग बदलले असे म्हणायला हरकत नाही. पण मला शकावलीपेक्षा करीन्याचे आकर्षण जास्त आहे. शकावली तारखा देते. करीना माणसे देतो.

करीन्यातले कान्होजी जन्मतःच मरणाच्या तावडीतून सुटलेले दिसतात. वडील नाईकजी भाऊबंदकीत मारले गेले. तान्ह्या कान्होजीलाही भावकीने सोडले नसते. देवजी महाला नावाच्या इमानी माणसाने त्याला उचलून मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांच्या आश्रयाला नेले. मूल तिथे वाढले आणि पुढे पासलकरांचेच जावई झाले. मोठेपणी कान्होजींनी आपले वतन मनगटाच्या जोरावर परत मिळवले. ज्याचे बालपण एका महालाने वाचवले, त्या कान्होजींच्या गावशिवेत दुसऱ्या एका महालाची समाधी असावी, हा योग मला विलक्षण वाटतो. योगच म्हणायचा, त्यातून नाते काढायला जाऊ नये.

पुढे कान्होजी शहाजीराजांच्या पदरी गेले. २५ जुलै १६४८ रोजी जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद झाली, तेव्हा कान्होजी आणि दादाजी कृष्ण लोहोकरे हेही कैदेत पडले. १६ मे १६४९ रोजी सुटका झाली. त्यानंतर शहाजीराजांनी कान्होजींना मावळात परत पाठवले, मुलाच्या पाठीशी उभे राहायला. मावळचे देशमुख आपसात भांडणारे, आणि ज्याचे दाणे खातील त्याचेही फार दिवस न ऐकणारे. अशा लोकांत शब्दाला वजन असलेला एक वडीलधारा माणूस तरुण शिवाजीराजांना हवा होता. हे शहाजीराजांनी ओळखले, एवढ्यावरूनही त्यांची पारख कळते.

कान्होजींच्या आयुष्यातला खरा दिवस दहा वर्षांनी उगवला. अफजलखान विजापुराहून निघाला, आणि १६ जून १६५९ चे आदिलशाही फर्मान जेध्यांच्या नावाने आले. मजकूर अशा फर्मानांचा असतो तोच. खानाला सामील व्हा, शिवाजीच्या लोकांना थारा देऊ नका, वतन राखाल, नाहीतर परिणाम भोगाल. ही पोकळ धमकी नव्हती. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळालेच होते. जेधे आणि खोपडे यांच्यात रोहिडखोऱ्याच्या देशमुखीवरून जुने वैर. म्हणजे कान्होजी चुकले असते तर त्यांच्या वतनावर बसायला माणूस शेजारीच तयार होता. वतन म्हणजे तरी काय होते? आज आपण वतन म्हटले की सरंजामशाही वगैरे शब्द आठवतो. पण त्या माणसाच्या दृष्टीने वतन म्हणजे जमीन, मान, देवाच्या पालखीपुढे चालण्याचा हक्क, मुलांची लग्ने कोणत्या घरात व्हायची त्याचा निवाडा, आणि मेल्यावर समाधी कुठे व्हायची तेही. वतन गेले की माणूस जिवंतपणीच उपरा झाला.

कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांच्या भेटीला गेले आणि फर्मान त्यांच्यापुढे ठेवले. करीन्यातला हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे. त्यातली गंमत अशी की महाराज त्यांना पटवण्याच्या भानगडीत पडत नाहीत, उलट भीती घालतात. बाकीचे गेले, तुम्हीही जा, नाहीतर वतनाला मुकाल, जिवावर बेतेल, असे सुचवतात. समोरच्याच्या मनाचा तळ बघण्याची ही रीत. कान्होजींनी पाण्याचा तांब्या मागवला आणि वतनावर पाणी सोडले. शहाजीराजांना दिलेला शब्द आणि मुलांसकट आपण स्वतः, एवढे ठेवून बाकीचे सगळे त्या पाण्याबरोबर सोडून दिले. महाराजांनी त्यांना बायकामुले तळेगावी ढमढेऱ्यांकडे हलवायला सांगितले, कारण खानाच्या फौजेची वाट मावळावरूनच जाणार होती. मग कान्होजींनी बांदल, शिळीमकर, पासलकर, मारणे, ढमाले अशा मावळच्या देशमुखांना एकत्र केले. फर्मान जेध्यांना एकट्यालाच आलेले नव्हते. पण जेधे उभे राहिले म्हणून बरेच जण उभे राहिले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खानाच्या छावणीवर जे मावळे जंगलातून तुटून पडले, त्यांत जेधे आणि बांदल यांच्या तुकड्या होत्या.

खंडोजी खोपड्यांची गोष्ट याच कथेला चिकटलेली आहे. लढाईनंतर खानाचा मुलगा फाजलखान याला जंगलातून वाट दाखवून त्यांनी निसटू दिले. पुढे सापडण्याची वेळ आली तेव्हा अभय मागायला कोणाकडे आले असतील? कान्होजींकडे! जन्माचा वैरी दारात आला, आणि कान्होजींनी त्याच्यासाठी महाराजांकडे रदबदली केली. महाराजांनी जीव राखण्याचा शब्द दिला, तो पाळला, आणि उजवा हात व डावा पाय तोडला. कान्होजी नाराज झाले तेव्हा महाराजांनी त्यांना सुनावले की जीव घेतला नाही, हेच तुमच्या शब्दाचे मोल. त्या काळातली माणसे शब्दाचा अर्थ किती काटेकोर लावत, ते इथे दिसते. पुढच्या शंकराजींच्या प्रसंगात हे ध्यानात ठेवायला हवे.

आणखी एक गोष्ट जेध्यांच्या घरात अभिमानाने सांगितली जाते. दरबारातल्या तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडे होता. १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बांदलांनी रक्त सांडले, तेव्हा महाराजांनी तो मान बांदलांना द्यावा असे ठरवले, आणि कान्होजींनी तो सोडला. मानासाठी मराठ्यांच्या घराघरांत तलवारी निघत होत्या त्या काळात ही सोपी गोष्ट नव्हती. वतनावर पाणी सोडण्याइतकीच ती मोठी होती असे माझे मत.

जिवा महालाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, कारण इतिहासाने त्याच्या आयुष्यातला जवळजवळ एकच क्षण जपून ठेवला. शामियान्यात खान पडल्यावर सय्यद बंडा पट्टा उगारून महाराजांवर धावला, आणि जिवाने त्याला वरच्या वर कापला. सभासदाच्या बखरीत त्याचे नाव ‘जिऊ महाला’ असे येते. महाला म्हणजे न्हावी समाजातला. महाराजांनी भेटीला बरोबर घ्यायचे मोजके लोक निवडले त्यांत देशमुखांच्या मुलांबरोबर हा होता, आणि तो तिथे पट्ट्याच्या हातावर होता. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मराठीत अजून रोज वापरली जाते. ती म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची समाधी भोर तालुक्यात दाखवली जाते हे ठाऊक असेल, याची मला शंका आहे. ज्याच्या भेटीच्या वेळी तो महाराजांच्या पाठीशी उभा होता, त्या खानाची कबर गडाच्या पायथ्याशी महाराजांनीच बांधवली. विजापूरजवळ खानाच्या घरच्या बायकांच्या म्हणून साठ-एक कबरी रांगारांगांनी दाखवतात. राजगडावर पद्मावती माचीवर महाराजांच्या पत्नी सईबाईंची समाधी आहे. त्या ५ सप्टेंबर १६५९ रोजी वारल्या, खानाच्या भेटीच्या दोन महिने आधी. संभाजीराजे तेव्हा दोन वर्षांचे. म्हणजे त्या पावसाळ्यात महाराज एकीकडे घरातले सुतक आणि दुसरीकडे खानाची चाहूल, दोन्ही सांभाळत होते. एका वर्षाच्या इतक्या खुणा दगडांत उरल्या आहेत, आणि त्या पाहायला पुण्यापासून विजापुरापर्यंत हिंडावे लागते.

आता अर्धे शतक पुढे. मधल्या काळात स्वराज्याचे राज्य झाले, रायगडावर अभिषेक झाला, महाराज गेले, संभाजीराजांना औरंगजेबाने मारले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मावळातल्या वतनदारांची पुन्हा परीक्षा सुरू झाली, आणि या वेळी सगळे कान्होजी निघाले नाहीत. खुद्द जेध्यांच्या घरात तर त्याआधीच, संभाजी महाराजांच्या हयातीत, पुढच्या पिढीत मोगलांकडे जाण्याचे प्रकार झाले होते, आणि महाराजांनी सर्जेराव जेध्यांना खरमरीत पत्र लिहिले होते. इतिहासात घराण्याला एकच चेहरा नसतो.

याच धामधुमीत शंकराजी नारायण गांडेकर वर आले. लेखणीचा माणूस, पण १६८९ नंतरच्या त्या दहा वर्षांत लेखणीवाल्यांनाही घोड्यावर बसावे लागले. राजाराम महाराज दक्षिणेत असताना इथला कारभार रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण आणि परशुरामपंत त्रिंबक या तिघांनी रेटला. संताजी आणि धनाजी रणात. शंकराजींकडे मावळचे किल्ले आले. १६९३ साली नावजी बलकवडे यांनी सिंहगड परत घेतला तो त्यांच्याच मोहिमेत. किल्ला घ्यायला जितकी फौज लागे तितकीच पत्रेही लागत. कोणत्या देशमुखाला कोणते गाव द्यायचे, कोणाचा हक्क कबूल करायचा, मोगलांकडे गेलेल्याला कोणत्या शब्दांत परत बोलवायचे, हे शंकराजींचे काम. त्यांना सचिवपद मिळाले आणि रोहिडा परिसरात त्यांचे ठाणे बसले. भोर संस्थानाचे मूळ तिथे आहे. १७०३-०४ मध्ये म्हातारा औरंगजेब स्वतः या डोंगरांत येऊन सिंहगड, राजगड, तोरणा एकेक करून घेऊन गेला. तो वळल्यावर ते किल्ले पुन्हा मराठ्यांकडे येऊ लागले, आणि त्यात शंकराजींचा हात होता.

राजाराम महाराज १७०० मध्ये गेले. महाराणी ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने कारभार हाती घेतला. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला मेला, आणि दोन महिन्यांत मोगलांनी शाहूराजांना सोडले. सतरा वर्षांहून अधिक काळ मोगलांच्या छावणीत वाढलेला संभाजी महाराजांचा मुलगा सातपुडा ओलांडून गादीचा हक्क मागायला आला. ताराबाईंचे म्हणणे, ते राज्य संभाजीराजांबरोबर बुडाले. हे आम्ही नव्याने मिळवले, याच्यावर शाहूंचा हक्क नाही. हे म्हणणे साफ खोटे म्हणता येत नाही. शाहूंचे म्हणणे, वडील मुलाचा वडील मुलगा मी. तेही खोटे नाही. ताराबाईंनी आपल्या सरदार-मुत्सद्द्यांकडून शपथा घेतल्या. शंकराजींनी दूधभातावर हात ठेवून शपथ घेतली असे बखरकार सांगतात.

शपथ मोडायची असेल तर वाटा पुष्कळ होत्या, आणि लोकांनी त्या वापरल्या. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या लढाईत धनाजी जाधव ताराबाईंच्या बाजूने गेले आणि रणातच शाहूंना मिळाले. खंडो बल्लाळांनीही तेच केले. परशुरामपंत प्रतिनिधींनी साताऱ्याचा दरवाजा लावून घेतला. किल्लेदार शेख मिरा याची बायकामुले वाईला शाहूंच्या हाती लागल्यावर त्याने परशुरामपंतांना कैद करून दार उघडले. रामचंद्रपंत अमात्य ताराबाईंबरोबर राहिले. या प्रत्येकाला काहीतरी धरायला होते. धनाजींना हा खरा राजपुत्र आहे अशी खात्री पटली होती. रामचंद्रपंतांना आपण ज्याचे मीठ खाल्ले त्याचे राहायचे होते.

शंकराजींची अडचण वेगळी. शाहूंची छावणी शिरवळला आली असे बखरी सांगतात. शिरवळ ते आंबवडे अंतर फार नाही. किकवीच्या माथ्यावरून पाहिले तर छावणीची शिरवळ एका बाजूला आणि सचिवांचे डोंगर दुसऱ्या बाजूला. शाहूंनी शंकराजींना भेटीला बोलावले. रोहिडा आणि आसपासचे किल्ले शंकराजींच्या हाती होते, आणि ते मिळाल्याशिवाय पुण्याच्या मुलखात शाहूंचे पाऊल पक्के होणार नव्हते. शंकराजी गेले असते तर शपथ मोडली असती. न जावे तर ज्यांचे राज्य टिकवायला पंधरा-सोळा वर्षे झिजले, त्या शिवछत्रपतींच्या नातवावर हत्यार उचलावे लागले असते. दोन्हीकडे छत्रपतीच. कान्होजींना निदान बादशहा आणि राजा यांच्यातून निवडायचे होते. धोका कितीही मोठा असो, वाट कोणती हे त्यांना स्वच्छ दिसत होते. शंकराजींपुढे वाटच उरली नव्हती.

आंबवड्याला त्यांनी देह ठेवला. एक परंपरा सांगते की त्यांनी हिरकणी खाल्ली. दुसरी सांगते की मडक्यांवर आसन बांधून पाण्यात उतरले, मडक्यांना भोके पाडली आणि जलसमाधी घेतली. ग्रँट डफने जलसमाधीचीच हकिकत दिली आहे. कोणी याला पळपुटेपणा म्हणेल. सचिव जिवंत राहिले असते तर त्यांच्या शब्दाने कदाचित दोन गाद्यांमधले भांडण लवकर मिटले असते, असाही युक्तिवाद होतो. मला तो पटत नाही. शाहू आणि ताराबाई यांच्यातला तंटा एका माणसाच्या शब्दाने मिटणारा नव्हता. तो कोल्हापूर आणि सातारा अशी दोन राज्ये करूनच थांबला. शंकराजींना ते दिसले असावे. ज्या माणसाने दहा वर्षे लोकांना शपथपत्रे लिहून दिली आणि त्यांच्याकडून लिहून घेतली, त्याला स्वतःची शपथ सोयीने मोडणे शक्य झाले नाही.

शाहूंचे वागणे मात्र इथे फार चांगले दिसते. वैर धरायला कारण होते. त्यांनी ते धरले नाही. शंकराजींचा मुलगा नारो शंकर तान्हा होता. शाहूंनी त्याला सचिवपदाची वस्त्रे दिली आणि घराण्याचे सांत्वन केले. कारभार मुलाची आई येसूबाई पाहू लागली. पुढची काही वर्षे त्या घराची परवडच होती. हिंगणगावच्या दमाजी थोराताने बाळ सचिवाला पकडून कैदेत ठेवले. शाहूंकडून सोडवणुकीची खटपट बाळाजी विश्वनाथाने केली, आणि त्या उपकाराची फेड म्हणून सचिवांकडचा पुरंदर किल्ला बाळाजीच्या हाती आला. पेशव्यांना पुण्याजवळ पहिला पक्का किल्ला मिळाला तो असा. १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म पुरंदरावर झाला, आणि १७७६ चा इंग्रजांशी तह तिथेच झाला. आंबवड्याच्या ओढ्याकाठच्या एका मरणापासून पेशवाईच्या राजकारणापर्यंत असा सरळ धागा निघतो.

ज्या दोघांमुळे शंकराजींना हा निर्णय घ्यावा लागला, ती दोघे मात्र एकाच ठिकाणी आहेत. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीला, शाहू महाराजांची समाधी आहे. ते डिसेंबर १७४९ मध्ये वारले. ताराबाई त्यांच्यानंतर बारा वर्षे जगल्या आणि १७६१ मध्ये साताऱ्याला गेल्या. त्यांची समाधीही त्याच काठावर. गादीसाठी आयुष्यभर भांडलेली चुलती आणि पुतण्या स्मशानात शेजारी आहेत. शाहूंच्या लाडक्या कुत्र्यालाही माहुलीला समाधी आहे, आणि संगमावर येणारा माणूस बहुतेक वेळा आधी तीच विचारतो.

आंबवड्याला जायचे तर किकवीहून मागे कापूरहोळला येऊन भोरचा फाटा धरावा. भाटघर धरणाच्या पाण्याजवळून रस्ता भोरला जातो. भोरचा राजवाडा बघायचा तर बघावा. तो १८६९ सालचा. तिथून पुढे आंबवडे. पावसाळ्यानंतरचे दिवस चांगले, कारण ओढ्याला पाणी असते आणि झाडी भरलेली असते. जेधे आणि महाला यांच्या समाध्या गावात आहेत, कोणीही दाखवतो. शंकराजींची समाधी नागेश्वराच्या देवळाजवळ, आणि तिकडे जायला ओढ्यावर लोखंडी दोरांचा झुलता पूल आहे. तो १९३०च्या दशकात भोरचे राजे रघुनाथराव पंतसचिव यांनी बांधवला. दहा-बारा माणसे एकदम चढली की तो डुलतो, आणि शाळेच्या सहली मुद्दाम डुलवतात. रघुनाथराव या घराण्याचे शेवटचे राज्यकर्ते. ८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि शाहूंनी पाळण्यातल्या मुलाला दिलेले सचिवपण दोनशे चाळीस वर्षांनी संपले.